दहांतले नऊ

बाबांच्या पेशंटना कोणीतरी फोन करत होतं.

लेकीला हे कळलं ते एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडून. कर्करोगामुळे बाबांनी या बाईंचं मूत्राशय काढून टाकलं होतं आणि आतड्याच्या तुकड्याची नवी पिशवी शिवून त्या जागी बसवली होती. बाबा गेल्याचं त्यांना उशिरा कळलं, म्हणून समाचाराला फोन केला. रडून झालं, बाबांच्या हातगुणाचं कौतुक करून झालं, आणि फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "बाळ, एक विचारू? राग नको मानूस. ती फोन करणारी मुलगी तुमच्याकडची होती का गं?"

"कुठली मुलगी?"

"इस्पितळातून बोलतेय म्हणाली. आवाज गोड, पण प्रश्न काय एकेक! रात्री चादर बदलावी लागते का, गादीवर काही अंथरता का, बाहेर जाताना जोडीला कपडे नेता का. मी म्हटलं, बाई गं, तुझे साहेब कोण? तर म्हणे, ते सांगायचं नाही असं ठरलंय. मग मी तिला वर्गाबाहेर काढावं तसं फोनबाहेर काढलं."

"बरं केलंत," लेक म्हणाली. पण फोन ठेवल्यावर ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिला पालीबिलीची गरज लागली नाही. "ही तिचीच कामं," ती म्हणाली. "दुसरं कोण?"

ती म्हणजे उजवी. बाबांच्या हाताखाली तयार झालेली सर्जन. 'ही माझा उजवा हात' असं बाबा ज्याला त्याला सांगत, त्यावरून ऑपरेशन थिएटरमध्ये तिचं नावच उजवी पडलं. कधीकाळी ती या घरात उठबस असलेली बाई होती. बाबांशी वाद घालत रात्रीचं जेवण थंड करायची, आईने वाढलेलं न बघता खायची, आणि लेक तिला ताई म्हणायची. मग बाबांच्या शेवटच्या वर्षात ती येईनाशी झाली. का, ते बाबांनी सांगितलं नाही. आजारपणातही ती दिसली नाही. अंत्यसंस्काराला मागच्या रांगेत उभी होती आणि कोणाशी न बोलता निघून गेली. आईने ते बरोबर टिपून ठेवलं होतं.

बाबांनी आयुष्यभर एकाच गोष्टीचा ध्यास घेतला. मूत्राशयाचा कर्करोग काढायचा, आणि काढल्यानंतर माणसाला पोटावर पिशवी न लटकवता घरी पाठवायचं. आतड्याची नवी पिशवी करणारे सर्जन पुष्कळ होते. पण अशा पिशवीला भरल्याची जाण नसते. दिवसा माणूस घड्याळ बघून लघवीला जातो, रात्री झोपेत ती गळते. गळती थांबावी म्हणून बाबांनी पिशवीच्या तोंडाशी आतड्याचीच एक घडी घालायला सुरुवात केली. परिषदांमध्ये ती त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, परगावचे सर्जन ती शिकायला येऊ लागले. घडी घातलेल्या सगळ्या पेशंटचा हिशेब मांडणारा मोठा शोधनिबंध त्यांनी आजारपणातच पुरा केला होता. त्यातलं मुख्य वाक्य लेकीने स्वतः तपासलं होतं, कारण ती पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनात संपादक होती आणि बाबांची भाषा तिच्या हाताखालून गेल्याशिवाय कुठेच जात नसे. दहांतले नऊ रुग्ण रात्री पूर्णपणे कोरडे राहतात, असं ते वाक्य होतं. तिने फक्त एक स्वल्पविराम काढला होता.

आता निबंध छापण्याआधी नियतकालिकाला घरच्यांची संमती हवी होती. लेखक हयात नसला की तसं विचारतात. संमतीचा कागद टेबलावर पडून होता, आणि तेवढ्यात हे फोन.

दोनच दिवसांनी उजवी दारात उभी. आईने दार उघडलं, पाहिलं, आणि "तुझ्याकडे आलंय कोणीतरी" एवढं म्हणून आत निघून गेली.

"बसा, डॉक्टर," लेक म्हणाली.

"डॉक्टर काय गं? ताई म्हणायचीस."

"पाणी आणू का?"

उजवी बसली. बाबांच्या खुर्चीकडे तिने एकदा पाहिलं आणि मुद्दाम तिच्याकडे पाठ येईल अशी बसली, किंवा लेकीला तसं वाटलं. इकडचं तिकडचं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. "त्या पेपरची संमती दिलीस का?" तिने सरळ विचारलं.

"अजून नाही."

"देऊ नकोस. थोडे दिवस थांब."

"का?"

"आकडे पुन्हा तपासतेय."

"म्हणजे ते फोन तुमचेच."

उजवीने होकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "मी नाही करत. एक मुलगी करते, तिने यातल्या कोणालाच कधी पाहिलेलं नाही."

"बाबांना विचारलं होतंत?"

"विचारलं होतं. हो म्हणाले नाहीत."

"म्हणजे नाही म्हणाले."

"म्हणजे बोलायचेच बंद झाले."

लेकीने हात मांडीवर ठेवले. आवाज चढवायचा नाही हे तिने शाळेपासून ठरवलेलं होतं आणि ते बहुतेक वेळा जमत असे. "काय सापडलंय ते दाखवा."

"अजून पुरं झालेलं नाही. अर्धवट दाखवणार नाही."

"वा. दाखवायचं नाही, पण थांबायला सांगायचं. आणि हा पेपर अडला, नवा निघाला, तर तो कोणाच्या नावावर निघेल?"

उजवीने तिच्या डोळ्यांत पाहिलं. "माझ्या," ती म्हणाली. "तो माझ्या नावावर निघेल. खोटं कशाला बोलू?"

ती गेल्यावर आई बाहेर आली. "बघितलंस? निर्लज्जपणा बघ. माणूस गेला आणि ही निघाली त्याचं घर उकरायला."

लेकीला आईचं म्हणणं पटलं. आणि पटलं म्हणून जरा बरंही वाटलं. दुःखाला रागाची काठी मिळाली की चालायला सोपं जातं.

संध्याकाळी विभागप्रमुखांचा फोन आला. हे बाबांचे कॉलेजपासूनचे मित्र, लेक त्यांना काका म्हणत असे. "अगं, नव्या थिएटरला तुझ्या बाबांचं नाव द्यायचं पक्कं झालं. पाटीसुद्धा तयार आहे. त्याच दिवशी पेपर बाहेर पडला तर कसं सोन्यासारखं होईल! तू ती संमती तेवढी पाठवून दे, राणी."

"काका, ते फोन चाललेत ते तुम्हाला माहीत आहे?"

काका खाकरले. "आहे कानावर. ती पोरगी हुशार आहे, हात चांगला आहे, पण आतल्या गाठीची. तू मनावर घेऊ नकोस. तुझ्या बाबासारखा पेशंटला जपणारा माणूस मी पाहिला नाही. आम्ही सगळे तपासणीला असिस्टंट बसवायचो. हा प्रत्येकाला स्वतः विचारायचा. म्हणायचा, पोट मी उघडलंय, विचारणार मी."

हे खरं होतं. पण लेकीला काकांच्या बोलण्यातला गोडवा नेहमीपेक्षा चमचाभर जास्त वाटला. 'कानावर आहे' तर इतके दिवस त्यांनी सांगितलं का नाही? घडी प्रसिद्ध झाली तशी बाबांच्या विभागाचीही भरभराट झाली होती, आणि विभाग काकांचा होता. एकदा संशयाची सवय लागली की डोळे सगळीकडे तेच बघतात. त्या रात्री तिला दोघांचाही संशय आला आणि तिने ठरवलं, कोणाच्याच तोंडाकडे बघायचं नाही. माणसं जिवंत आहेत. त्यांनाच जाऊन विचारायचं.

पुढच्या शनिवारी ती निघाली. पेशंट शोधणं अवघड नव्हतं. त्यातले कितीतरी जण घरी येऊन गेले होते, 'कधीही या' म्हणाले होते. आधी ती मुख्याध्यापिकेकडे गेली. बाईंनी तिला जवळ घेतलं, हात हातात धरून ठेवला. लेकीला विचारायला लाज वाटत होती, पण तिने विचारलं. "छे गं," बाई म्हणाल्या, "माझी काही तक्रार नाही. देवमाणूस होते." मग गाडी चालवायला शिकवणारे एक गृहस्थ. ते जोरात हसले. "मला काय धाड भरलीये! दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसतो, तिथे नाही गळत तर झोपेत काय गळणार?" मग एक वाद्य दुरुस्त करणारा, मग त्याच गल्लीतली एक विधवा. कोणालाही काही त्रास नव्हता. सगळे कोरडे, सगळे सुखी.

ती बसमधून उतरली तेव्हा तिची मान ताठ होती. दहांतले नऊ कसले, इथे तर सगळेच्या सगळे. सोमवारी संमती पाठवायची आणि उजवीला एकच वाक्य ऐकवायचं. ते कोणतं असावं हे तिने मनात दोनतीनदा घासून पुसून ठेवलं.

रविवारी सकाळी ती तिच्या यादीतल्या शेवटच्याकडे गेली. हा शिंपी. रस्त्याला लागून दुकान, दुकानाच्या मागे राहती खोली. बाबांच्या लग्नानंतरचा पहिला चांगला कोट जुना झाला तेव्हा ऑपरेशन झालेल्या या शिंप्याने हट्टाने नवा शिवून दिला होता. बाबा प्रत्येक परिषदेला तोच घालून जात. शिंपी गळ्यात टेप अडकवून उभाच होता. काळी पँट, काळा सदरा. बायको खाली बसून एका शर्टाची काजं करत होती.

"या, या! अगं, डॉक्टरांच्या ताई आल्यात, चहा टाक."

"नको, मी निघणारच आहे."

"असं कसं? डॉक्टर म्हणजे आमच्याच धंद्यातले. ते आतून चूण घालायचे, आम्ही बाहेरून." तो स्वतःच हसला. "मी एकदा त्यांना म्हटलं, साहेब, तुमचं कापड उसवलं तर गिऱ्हाईक परत येत नाही, आमचं उसवलं तर रोज येतं आणि शिव्या देतं. किती हसले!"

लेकही हसली. कापायचं मोठं टेबल भिंतीला लावलेलं होतं. त्याच्याखाली रेक्झिनची गुंडाळी आणि एक उशी दिसत होती. दुपारी जरा पडत असतील.

"तुम्हाला एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "स्पष्टच विचारते. ऑपरेशननंतर रात्रीचं... कोरडे असता ना?"

"खणखणीत!" शिंपी म्हणाला. "काही म्हणजे काही त्रास नाही. पुन्हा जन्मलो मी."

बायकोने सुई थांबवली नाही.

चहा झाला. शिंप्याने तिच्या बाहीचं एक सुटलेलं बटण बळेच शिवून दिलं आणि ती निघाली. वळणापर्यंत गेली असेल, तोच मागून चपला वाजल्या. शिंप्याची बायको, हातात छोटी पिशवी.

"दोरा संपलाय," ती म्हणाली. मग चार पावलं बरोबर चालली. "दोरा नाही संपला. तुम्ही रागावणार नसाल तर एक सांगते."

"सांगा ना."

"मघाशी तुम्ही विचारलंत, म्हणून ते तसं म्हणाले."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? डॉक्टरांची मुलगी घरी चालून आली. तिचा बाप नुकताच गेलेला. तिला काय सांगायचं, गादी ओली होते म्हणून?"

लेक थांबली. बाजूने एक सायकल गेली, तिच्या घंटीला त्या दोघी रस्त्याच्या कडेला झाल्या.

"रोज?"

"ज्या रात्री होत नाही, ती रात्र मला आठवते. असं समजा." बाई हळू पण भरभर बोलत होती, बऱ्याच दिवसांचं साठलेलं असावं. "माझी झोप मोडते म्हणून ते दुकानात झोपतात. त्या टेबलावर. पुसायला सोपं. पँटींना आतून जाड पट्टी स्वतःच शिवतात, आणि काळ्याशिवाय दुसरं कापड अंगाला लावत नाहीत. लग्नात केवढे शौकीन होते, पिस्ता रंगाचा सूट होता त्यांचा."

"पण बाबांना का नाही सांगितलंत? ते दर वेळी विचारायचे."

"विचारायचे हो! तोच तर घोळ. तपासणी असली की आदल्या दुपारपासून यांचं पाणी बंद. परीक्षेला बसल्यासारखं. एकदा आम्ही ठरवून गेलो, आज सांगायचंच. आत गेलो. डॉक्टरांनी मान वर केली आणि म्हणाले, 'काय शिंपीबुवा, कोरडे ना?' आणि असे हसले, असे हसले... जणू पोराला विचारतायत, पास झालास ना? मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे. ज्या माणसाने मरणाच्या दारातून ओढून आणलं, त्याला म्हणायचं, तुझं काम गळतंय? यांना स्वतःला, कोट काखेत जरा घट्ट झालाय असं कोणी म्हटलं, तर दोन वेळचं जेवण जात नाही. म्हणाले, 'कोरडा, साहेब.' झालं."

"आणि फोन आला होता ना तुम्हाला? त्या मुलीचा?"

"आला की. तिला सगळं सांगितलं यांनी. अर्धा तास बोलत होते. मी म्हटलं, तिला बरं सांगितलंत! तर म्हणाले, ती कुठली कोण? तिचं तोंड थोडंच बघायचंय पुन्हा. तिने हसून नाही विचारलं. चादरी किती धुता, एवढंच विचारलं." बाईने पिशवीची घडी केली, उलगडली. "तुमच्या वडिलांना काही बोल नाही हं. आमचंच चुकलं. पण तुम्ही आता इतकं लांबून विचारत आलात, आणि खोटं घेऊन चाललात, ते मला बघवेना."

लेक घरी न जाता चालत राहिली. कालच्या माणसांचे चेहरे एकेक करून पुढे येत होते. मुख्याध्यापिकेने धरून ठेवलेला हात. गाडी शिकवणाऱ्याचं ते जरा जास्तच मोठं हसणं. ती सगळ्यांकडे गेली होती, फिक्या रंगाचे साधे कपडे घालून, डोळ्यांखाली काळं घेऊन, बाबांचं नाक चेहऱ्यावर घेऊन. आणि विचारलं होतं, त्रास नाही ना? बाबांनी आयुष्यभर केलेली चूक तिने एका शनिवारात पुरी केली होती. उलट त्यांच्यापेक्षा सरस.

आणि मग जे आठवायचं नव्हतं ते तिला आठवलं. शेवटच्या आठवड्यात ती बाबांच्या कॉटशी बसून रोज विचारायची, दुखतंय का बाबा? ते म्हणायचे, छे. ती नर्सला सांगायची, आज आराम आहे त्यांना. ते गेल्यावर सामान आवरताना नर्स सहज बोलून गेली होती, तुम्ही खोलीबाहेर पडलात की लगेच ते इंजेक्शन मागायचे. तेव्हा ते वाक्य तिने ऐकलं आणि कुठेतरी ठेवून दिलं. आता ते जागेवर बसलं.

सोमवारी ती इस्पितळात गेली. बाह्यरुग्ण विभागाच्या टोकाला, सामान ठेवायची खोली अर्धी विभागून उजवीला टेबल दिलेलं होतं. बाबांच्या शेजारची मोठी खोली तिची होती, ती कधी गेली हे लेकीला ठाऊक नव्हतं.

"शिंपी," लेक म्हणाली.

उजवीने पेन खाली ठेवलं. "फोनवर कोण काय म्हणालं ते मला माहीत नाही. नावं माझ्याकडे येत नाहीत."

"मला माहीत आहे. मी सगळ्यांकडे जाऊन आले. सगळे कोरडे आहेत."

उजवी तिच्याकडे पाहत राहिली. मग तिच्या तोंडावर हसू आलं, ते तिने आवरायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. "तू स्वतः गेलीस? विचारायला? अगं..."

"हसू नका."

"नाही हसत. बाप तसा..." ती थांबली. "सॉरी."

"किती आहेत? खरे?"

"कालच पुरं झालं. दहांतले पाच. फार तर साडेपाच."

"साडेपाच माणसं कशी असतात?"

"आकड्यात असतात." उजवीने खुर्ची तिच्यासाठी मोकळी केली आणि स्वतः टेबलाला टेकली. "ऐक. कॅन्सरच्या बाबतीत त्यांचा हात खराच होता. त्यांची माणसं जगलीयत, इतरांपेक्षा जास्त. ते कोणाला विचारावं लागत नाही, माणूस समोर उभा असतो. पण घडी... घडी घातली काय, न घातली काय, फरक नाही. ऑपरेशन लांबतं तेवढंच. हा पेपर छापला तर जगभर लोक ती घालत बसतील. आणि दुसरं म्हणजे, जे गळतात, त्यातल्या निम्म्यांना उपाय आहेत. व्यायाम आहेत, औषध आहे, एक छोटं ऑपरेशन आहे. त्यांनी कोणाला सांगितलंच नाही, म्हणून कोणी केले नाहीत."

लेकीला ते टेबल दिसलं, रेक्झिन आणि उशी. "बाबांना हे दाखवलं होतंत?"

"सुरुवातीचे थोडे आकडे. त्यांनी पाहिले, चष्मा काढला, म्हणाले, माझे पेशंट माझ्याशी खोटं बोलत नाहीत. मी म्हटलं, सर, तुमच्याशीच बोलतात. तिथे संपलं."

"आजारपणात आला का नाहीत?"

"आले होते. तू खाली औषधं आणायला गेली होतीस. दार उघडलं, त्यांनी पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मग नाही आले."

हे खरं की खोटं, ते सांगू शकणारा एकच माणूस होता. लेकीने तिचा चेहरा नीट वाचायचा प्रयत्न केला. त्यात थकवा होता, दुःखही होतं. आणि एवढं मोठं काम हाती लागलेल्या माणसाची भूकही होती. यातलं एक असलं म्हणजे दुसरं नसतं, असं काही नव्हतं.

"नव्या पेपरवर बाबांचं नाव असेल?"

"तुझ्यावर आहे. शस्त्रक्रिया त्यांच्या, पेशंट त्यांचे. मला हवंय. पण ते असते तर त्यांनी दिलं नसतं, हेही तुला माहीत आहे."

काकांच्या खोलीत जाताना उजवी बरोबर आली. काकांनी दोघींना एकत्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा सावध झाला. लेकीने मोजक्या शब्दांत सांगितलं: जुना पेपर मागे घ्यावा, नव्या आकड्यांचा जावा, बाबांचं नाव त्यावर राहावं.

"अगं राणी," काका म्हणाले, "तुझं डोकं कोणी फिरवलं?" उजवी समोर उभी असूनही त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "स्वतःच्या बापाच्या नावाने बापाचंच काम खोडायचं? लोक काय म्हणतील? आणि पेशंट लाख बोलतील फोनवर. पुरावा म्हणून काय अर्थ आहे त्याला?"

"काका, तुम्ही कधी असिस्टंट बसवून बाबांचे पेशंट तपासले होते?"

"ते... एकदोनदा. तो परदेशी गेला होता तेव्हा."

"काय निघालं होतं?"

काकांनी टेबलावरचं पेपरवेट इकडचं तिकडे केलं. उत्तर द्यायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात उत्तर मिळालं होतं. "तो मित्र होता माझा," शेवटी ते म्हणाले. "त्याला वाईट वाटलं असतं."

"हो," लेक म्हणाली. "सगळ्यांनाच तसं वाटलं."

"त्याने स्वतः कधी परवानगी दिली नसती."

"नसती दिली. म्हणून तर ती आता मला द्यावी लागतेय." तिने पर्समधून संमतीचा कागद काढला. "थिएटरची पाटी लावा. ज्यांचा कॅन्सर काढला ते जगलेत, ती पाटी खरी आहे. 'दहांतले नऊ' हे वाक्य खरं नाही. मी ते स्वतः तपासलं होतं आणि त्यातला फक्त स्वल्पविराम मला दिसला."

तो कागद तिने सही न करताच काकांच्या टेबलावर ठेवला. जिन्यात उजवी म्हणाली, "चहा घेतेस?" लेक म्हणाली, "आज नको." 'ताई' तोंडापर्यंत आलं होतं, पण बाहेर पडलं नाही.

घरी आईला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. काही गाळायचं नाही असं ठरवून लेकीने शिंप्याच्या टेबलापासून काकांच्या पेपरवेटपर्यंत सगळं सांगितलं.  आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. इंजेक्शनचं ऐकताना तिने डोळे मिटले.

मग तिने विचारलं, "नाव राहणार ना पण त्यांचं?"

"राहणार."

"पहिलं?"

"नाही, शेवटचं. पहिलं तिचं."

आईने पदर सोडला. "बघ! मी म्हटलं नव्हतं? शेवटी टाकलं त्यांना!"

"आई, त्यांच्यात शेवटचं नाव मोठ्याचं असतं. ज्याच्या हाताखाली काम झालं त्याचं."

"असं कोण म्हणतं?"

"तसंच असतं."

"हे तुला तिनेच सांगितलं असेल."

"हो, तिनेच सांगितलं." लेक उठली. बाबांच्या कपाटातून त्यांच्या उमेदवारीच्या काळातले दोन जुने निबंध तिने घरात शिरल्या शिरल्या काढून ठेवले होते, ते आईपुढे उघडून धरले. पहिलं नाव बाबांचं होतं. शेवटचं त्यांच्या गुरूंचं. "म्हणून मी तिच्यावर विसंबले नाही. आधी हे बघितलं."

आईने चष्मा लावला. दोन्ही पानं तिने बोट ठेवून वाचली, मग तिसरा निबंध आहे का विचारलं.